विमान आणि इमान

(नभोवाणीवरील भाषण)

श्रोतेहो, रात्रीं जेवणें आटोपून आपण अंगणांत किंवा गच्चीवर बसलेले असतां डोक्यावरून एक लुकलुकता दिवा जातो. मुलें बोट दाखवितात. आपण क्षणभर मान वर करतों आणि पुन्हां आपल्या बोलण्याकडे वळतों. त्या दिव्यामागें दीड-दोनशें माणसें बसलेलीं असतात. कोणी लेकीच्या बाळंतपणाला निघालेली आई असते, कोणी नोकरीच्या मुलाखतीला निघालेला तरुण असतो. या सर्वांनीं आपला जीव दोन अनोळखी माणसांच्या हातीं दिलेला असतो, आणि तीं दोन माणसें एका कंपनीचीं पगारी नोकर असतात. हे नोकर आपल्या मालकाशीं कितपत एकनिष्ठ असतात, कां असतात, आणि ती निष्ठा कशानें तुटते, हा आजच्या माझ्या भाषणाचा विषय आहे.

मी कांहीं विमानविद्येचा जाणकार नाहीं. माझा सारा जन्म शाळेंत मुलें शिकविण्यांत गेला. परंतु नोकरी, मालक आणि निष्ठा या तीन गोष्टी शिक्षकालाहि अपरिचित नसतात. ‘ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी’ अशी आपल्याकडे म्हण आहे. या म्हणींत निष्ठेचा हिशेब फार सोपा केलेला आहे. परंतु विमानकंपन्यांचा इतिहास वाचूं लागलें म्हणजे असें दिसतें कीं, पोळी घेऊनहि टाळी न वाजविणारे वैमानिक झाले, तसे पोळी बंद झाल्यावरहि टाळी वाजवीत राहिलेले वैमानिकहि झाले. तेव्हां हा हिशेब दिसतो तितका सरळ नाहीं.

प्रथम या धंद्याची रचना पाहूं. वैमानिक होण्यास खर्च मोठा आणि परीक्षा पुष्कळ. परवाना मिळाला म्हणजे सुटका झाली असेंहि नाहीं. प्रत्येक जातीच्या मोठ्या विमानासाठीं निराळी पात्रता मिळवावी लागते. बोइंग चालविणाऱ्याला एअरबसच्या आसनावर तसेंच जाऊन बसतां येत नाहीं. ठराविक मुदतीनें वैद्यकीय तपासणी होते. ज्याला सिम्युलेटर म्हणतात, त्या जमिनीवरील नकली कक्षांत बसवून, इंजिन बंद पडलें, आग लागली, अशा कल्पित संकटांत त्याची वारंवार परीक्षा घेतात. डोळ्यांत किंवा हृदयांत दोष निघाला कीं त्याची कमाई त्याच दिवशीं थांबूं शकते. मास्तराचा डोळा अधू झाला तर तो जाड भिंगाचा चष्मा लावून शिकवीत राहतो. चष्मा वैमानिकालाहि चालतो; पण चष्मा लावूनहि दृष्टि ठरलेल्या मापास उतरली नाहीं, तर त्याला सवलत नाहीं.

या सर्वांहून मोठी गोष्ट म्हणजे ज्येष्ठतेची यादी. माझा एक जुना विद्यार्थी आज वैमानिक आहे. तो एकदां सुटींत भेटावयास आला असतां मीं त्याला सहज विचारलें, “काय रे, अमेरिकेंत म्हणे वैमानिक एका कंपनींत चिकटला कीं तेथेंच म्हातारा होतो. इतकें प्रेम कशाचें?” तो हंसून म्हणाला, “गुरुजी, तुमच्या हजेरीपटांत वर्षाच्या मध्यें आलेल्या मुलाचें नांव कोठें लिहीत होतां?” मीं म्हटलें, “अर्थात् सर्वांत शेवटीं.” “मग तेंच उत्तर,” तो म्हणाला.

त्याच्या म्हणण्याचा अर्थ असा. अमेरिकेंतील मोठ्या कंपन्यांत वैमानिक ज्या दिवशीं नोकरीस लागतो, त्या दिवसावरून त्याला यादींत एक क्रमांक मिळतो. पुढें तो कोणतें विमान चालवील, कोणत्या मार्गावर जाईल, दिवाळी-नाताळची सुटी त्याला मिळेल कीं नाहीं, सहवैमानिकाचा कप्तान तो केव्हां होईल, हें सर्व त्या क्रमांकावर अवलंबून असतें. कामावरून कमी करण्याची वेळ आली तर यादीच्या तळापासून सुरुवात होते. आणि वीस वर्षांचा अनुभवी कप्तान जर दुसऱ्या कंपनींत गेला, तर तेथें तो कालच्या पोराच्या खालीं, यादीच्या अगदीं शेवटीं, सहवैमानिक म्हणून बसतो. त्याचें कौशल्य त्याच्याबरोबर जातें. त्याची ज्येष्ठता जात नाहीं.

ही पद्धति वैमानिकांच्या संघटनांनीं आग्रहानें टिकविली आहे, आणि तिच्यामागें एक चांगलें कारण आहे. बढती मालकाच्या मर्जीवर असली, तर वादळांत उड्डाण करण्यास नाहीं म्हणणाऱ्या वैमानिकाची बढती अडवितां येईल. क्रमांक ठरलेला असला म्हणजे त्याला निर्भयपणें ‘नाहीं’ म्हणतां येतें. परंतु मालकाची लहर चालूं नये म्हणून घातलेलें हें कुंपण वैमानिकाला आंत कोंडणारेंहि ठरलें. म्हणून एखादा वैमानिक तीस वर्षें एकाच कंपनींत राहिला, एवढ्यावरून तो तिच्याशीं एकनिष्ठ आहे असें म्हणतां येत नाहीं. कुंपणांत राहणें निराळें आणि घरांत राहणें निराळें.

आपल्या देशांत कुंपण थोडें निराळ्या प्रकारचें आहे. येथें विमानें झपाट्यानें वाढलीं, अनुभवी कप्तान कमी पडूं लागले, आणि एक कंपनी दुसरीचे वैमानिक ओढूं लागली. तेव्हां नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानें २०१७ सालीं नियम केला कीं, नोकरी सोडतांना कप्तानानें एक वर्षाची व सहवैमानिकानें सहा महिन्यांची पूर्वसूचना द्यावी. वैमानिकांनीं या नियमाविरुद्ध न्यायालयांत दाद मागितली. पुढें २०२३ सालीं मुंबईच्या ‘आकासा एअर’ या नव्या कंपनीचे ४३ वैमानिक ही मुदत पुरी न करतांच निघून गेले, तिला उड्डाणें रद्द करावीं लागलीं, आणि यावेळीं कंपनी न्यायालयांत गेली. तिकीट काढून विमानतळावर ताटकळलेल्या उतारूच्या दृष्टीनें पाहिलें तर कंपनीची तक्रार पोकळ नव्हती. परंतु वैमानिकांच्या बाजूनें पाहिलें तर कोणत्याहि सामान्य नोकराला लागू नसलेली एक वर्षाची अट त्यांच्या गळ्यांत होती. या वादांत न्याय कोणाकडे हें मी सांगणार नाहीं. मला एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, निष्ठेचा प्रश्न कायद्याच्या कलमापर्यंत पोहोंचला म्हणजे निष्ठा अगोदरच निघून गेलेली असते. कलमानें माणूस बांधतां येतो; मन बांधतां येत नाहीं.

मग मन बांधलें जातें तें कशानें? याचें उत्तर देणारी एक खरी हकीकत सांगतों. ती अमेरिकेंतील ‘डेल्टा’ या कंपनीची आहे.

या कंपनीचा जन्म कापसाच्या शेतांत झाला, ही गोष्ट आपल्या वऱ्हाड-खानदेशांतील श्रोत्यांना गमतीची वाटेल. अमेरिकेच्या दक्षिण भागांत कापसाचीं बोंडें पोखरणाऱ्या सोंडकिड्यानें शेतकरी हैराण झाले होते. त्यावर विमानांतून औषधी भुकटी उधळण्याचा धंदा १९२४ च्या सुमारास सुरू झाला. त्या धंद्यांत सी. ई. वुलमन नांवाचा शेतीखात्यांत काम केलेला गृहस्थ होता. पुढें मिसिसिपी नदीच्या त्रिभुज प्रदेशावरून कंपनीला डेल्टा हें नांव मिळालें, आणि १९२९ सालीं ती उतारू नेऊं लागली. वुलमन १९६६ सालीं वारला, तोंपर्यंत कंपनी त्याच्याच वळणानें चालली. तें वळण घरगुती होतें. नोकराला नांवानें ओळखावें, वरच्या जागा आंतल्याच माणसांतून भराव्या, आणि वाईट दिवस आले तरी कायम नोकराला घरीं पाठवूं नये, अशी तेथील रीत. ही रीत कोणत्याहि करारांत लिहिलेली नव्हती, हें लक्षांत ठेवा.

तिची परीक्षा १९७३ सालीं झाली. अरब राष्ट्रांनीं तेल रोखलें, इंधन महागलें, उड्डाणें कमी करावीं लागलीं, आणि कित्येक कंपन्यांनीं आपल्या वैमानिकांना रजा दिली. डेल्टानें तसें केलें नाहीं. ज्यांना उडण्याचें काम उरलें नव्हतें त्या वैमानिकांना व विमानसेविकांना तिनें जमिनीवरचीं कामें दिलीं आणि पगार चालू ठेवला. कप्तानाचा पोशाख उतरवून सामानाच्या पेट्या उचलाव्या लागणें हें कांहीं मानाचें काम नव्हे; पण त्या पेट्या उचलतांना घरची चूल पेटती राहिली होती.

त्यानंतर १९७८ सालीं अमेरिकन सरकारनें विमानमार्ग व भाडीं यांवरचें आपलें नियंत्रण उठविलें. नव्या स्वस्त कंपन्या निघाल्या, भाड्यांची चढाओढ लागली, आणि १९८२ सालच्या मंदींत डेल्टाचीहि प्राप्ति आटली. तशांतहि कंपनीनें नोकरांना पगारवाढ दिली. तेव्हां तीन विमानसेविकांच्या मनांत आलें कीं, आपण सर्वांनीं मिळून या उपकाराची फेड करावी. कल्पना अशी कीं, प्रत्येकानें पगारांतून कांहीं भाग द्यावा, आणि कंपनीला तिचें पहिलें बोइंग ७६७ जातीचें विमान घेऊन द्यावें! व्यवहारी माणूस या कल्पनेला हंसेल. मालकानें नोकराला लुगडें-धोतर द्यावें ही रीत आहे. नोकरांनीं मालकाला विमान द्यावें ही उफराटी रीत कोणी ऐकली आहे? परंतु वैमानिक, यंत्रकामगार, तिकीट देणारे, सामान उचलणारे, निवृत्त झालेले, सर्वांनीं हात लावला. सुमारें तीन कोटि डॉलर जमले. आणि १५ डिसेंबर १९८२ रोजीं तें विमान समारंभपूर्वक कंपनीच्या स्वाधीन झालें. त्याला ‘स्पिरिट ऑफ डेल्टा’ असें नांव दिलें. तें २००६ पर्यंत उडालें, आणि आज अटलांटा येथें कंपनीच्या संग्रहालयांत उभें आहे.

हकीकत येथें संपली असती तर ती बोधकथा झाली असती, आणि बोधकथेवर वडील माणसांचा फारसा विश्वास बसत नाहीं. परंतु ती पुढें चालू राहिली. १९९० नंतर डेल्टाला मोठा तोटा होऊं लागला. १९९४ सालीं कंपनीच्या प्रमुखांनीं काटकसरीची एक योजना जाहीर केली. तींत तीन वर्षांत सुमारें १५,००० पर्यंत जागा कमी करावयाच्या होत्या. वैमानिकांशीं पगाराबद्दल घासाघीस सुरू झाली. खर्च उतरला, पण विमानें अस्वच्छ दिसूं लागलीं, सेवेच्या तक्रारी वाढल्या. नोकरांचें मन खचलें आहे असें वर्तमानपत्रवाल्यांनीं प्रमुखांच्या नजरेस आणलें, तेव्हां ‘असेल तर असो’ अशा अर्थाचे तीन लहानसे इंग्रजी शब्द त्यांच्या तोंडून निघाले. थोड्याच दिवसांत नोकर तेच तीन शब्द लिहिलेले बिल्ले छातीवर लावून कामावर येऊं लागले! ज्या लोकांनीं बारा वर्षांपूर्वीं पगार कापून विमान दिलें होतें, त्यांच्यांतलेच हे लोक होते. १९९७ सालीं त्या प्रमुखांना जावें लागलें.

येथें थोडें थांबून विचार करूं. नोकरांना राग आला तो केवळ नोकऱ्या गेल्या म्हणून काय? नोकऱ्या इतर कंपन्यांतहि जात होत्या, आणि तोटा खराच होता. राग आला तो न लिहिलेलें वचन मोडलें म्हणून, आणि मोडतांना खेदाचा एक शब्दहि नव्हता म्हणून. लेखी करार मोडला तर माणूस वकिलाकडे जातो. न लिहिलेलें वचन मोडलें तर त्याला जाण्यास जागा नसते, म्हणून तो मनांतून उठून जातो. आणि विमानकंपनीचा पुष्कळसा कारभार या न लिहिलेल्या गोष्टींवरच चालतो. उशीर झालेलें विमान वेळेवर आणण्यासाठीं कप्तान मनापासून खटपट करील कीं नियमावर बोट ठेवून बसेल, हें कोणत्या करारांत लिहितां येईल?

डेल्टाच्याच शेजारची, अटलांटाच्या त्याच विमानतळावरून उडणारी दुसरी एक मोठी कंपनी होती. तिचें नांव ‘ईस्टर्न’. तिची कथा याहून दुःखद आहे. पहिल्या महायुद्धांत नांवाजलेला लढाऊ वैमानिक एडी रिकनबॅकर यानें ती कित्येक वर्षें चालविली. पुढें १९६८ सालीं चंद्राभोंवतीं फेरी घालून आलेल्या अपोलो-८ यानाचा नायक फ्रँक बोरमन हा तिचा प्रमुख झाला. म्हणजे कंपनीच्या शिरावर साक्षात् चंद्रवीर होता. परंतु मालक वैमानिक आहे एवढ्यानें वैमानिकांचें प्रेम मिळत नाहीं, हें तेथें दिसून आलें. तोटा भरून काढण्यासाठीं नोकरांकडून पुनः पुन्हां पगारकपात मागण्यांत आली. एकदां त्याच्या मोबदल्यांत कंपनीचे भागहि त्यांना दिले. अखेर १९८६ सालीं कंपनी फ्रँक लोरेंझो यांच्या ‘टेक्सस एअर’ या संस्थेला विकली गेली. याच लोरेंझोंनीं १९८३ सालीं आपल्या दुसऱ्या एका कंपनीचें दिवाळें जाहीर करून त्या आधारें कामगारांचे करार रद्द केले होते. त्यामुळें ईस्टर्नच्या नोकरांना काय वाढून ठेवलें आहे हें आधींच दिसत होतें.

४ मार्च १९८९ रोजीं ईस्टर्नच्या यंत्रकामगारांनीं संप केला. वैमानिकांचा त्या भांडणाशीं प्रत्यक्ष संबंध नव्हता; त्यांचा पगार यंत्रकामगारांहून पुष्कळ अधिक, त्यांचा मान निराळा. तरीहि बहुतेक वैमानिकांनीं संपवाल्यांची रांग ओलांडून आंत जाण्याचें नाकारलें. पांच दिवसांनीं कंपनीनें न्यायालयांत दिवाळें जाहीर केलें. वैमानिकांनीं नोव्हेंबरांत संप मागें घेतला, पण तोंपर्यंत त्यांच्या जागीं पुष्कळ नवे लोक भरले गेले होते. जानेवारी १९९१ मध्यें ईस्टर्न कायमची बंद पडली. ज्येष्ठतेच्या यादींतील पंचवीस-पंचवीस वर्षांचे क्रमांक एका रात्रींत रद्दी झाले. कुंपण इतकें मजबूत कीं बाहेर गेल्यास सर्वस्व जाईल. तरी माणसांनीं तें मोडलें, आपलें नुकसान करून मोडलें. यावरून विश्वास संपल्यावर कुंपणाची किंमत किती उरते, हें समजतें.

डेल्टाचें दैव इतकें वाईट नव्हतें, कारण तेथें कांहीं शिल्लक उरली होती. २००४ सालीं तेथील वैमानिकांनीं कंपनी वांचविण्यासाठीं आपला पगार शेंकडा ३२.५ ने कमी करून घेतला. तेवढ्यानेंहि भागलें नाहीं. सप्टेंबर २००५ मध्यें कंपनीनें दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेतला, आणि वैमानिकांचें निवृत्तिवेतनहि त्यांत बुडाल्यासारखें झालें. अशा वेळीं, नोव्हेंबर २००६ मध्यें, ‘यू. एस. एअरवेज’ नांवाच्या दुसऱ्या कंपनीनें डेल्टा गिळण्याचा घाट घातला. वास्तविक इतका मार खाल्लेल्या नोकरांनीं ‘कोणी का मालक होईना’ असें म्हणावयास हरकत नव्हती. परंतु वैमानिकांसह हजारों नोकर ‘आमची डेल्टा आमचीच राहूं द्या’ अशा अर्थाच्या घोषणा देत त्या बेताविरुद्ध उभे राहिले. त्यांत स्वार्थ नव्हता असें नाहीं. दोन कंपन्या एक झाल्या कीं दोन ज्येष्ठतायाद्याहि एक होतात, आणि कोणाचा तरी क्रमांक खालीं जातो. तथापि केवळ स्वार्थासाठीं माणसें एवढ्या आपुलकीनें ‘आमची’ म्हणत नाहींत. ३१ जानेवारी २००७ रोजीं तो बेत सोडून देण्यांत आला. पुढें बरे दिवस आल्यावर कंपनीनें नफ्याचा ठरलेला वांटा नोकरांना देण्याची प्रथा पाळली. २०१९ सालच्या नफ्यांतून १६० कोटि डॉलर नोकरांत वांटले गेले. तरीहि वैमानिकांनीं आपला हिशेब सोडला नाहीं. २०२२ सालीं त्यांनीं संपास संमति देणारें मतदान केलें, आणि २०२३ सालीं टप्प्याटप्प्यानें शेंकडा ३४ वाढ देणारा करार पदरांत पाडून घेतला. एकनिष्ठ माणूस आपलें मागणें मागत नाहीं, ही समजूत चुकीची आहे. उलट ज्या घरांत राहावयाचें आहे, त्याच घरांत माणूस मोकळेपणें मागतो.

आतां आपल्या घराकडे वळूं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू येथें टपाल घेऊन विमान आणलें, आणि आपल्या देशांतील विमानकंपनीचा प्रारंभ झाला. तेव्हां जुहूचें मैदान पावसाळ्यांत पाण्याखालीं जाई, म्हणून सारा व्यवहार पुण्यास येरवड्याच्या मैदानावर हलवावा लागे. अशा चिखलांत वाढलेल्या त्या कंपनीची पुढें एअर इंडिया झाली. १९५३ सालीं ती सरकारची झाली, तरी टाटा १९७८ पर्यंत तिचे अध्यक्ष राहिले. ते आपल्याच विमानांतून प्रवास करतांना पडद्याची घडी, चहाची चव, स्वच्छतागृहाची स्थिति यांचीं टिपणें करून संबंधितांकडे पाठवीत. वरचा माणूस लहानशा गोष्टींकडे पाहतो आहे, हें कळलें म्हणजे खालच्या माणसाला आपल्या कामाची लाज वाटत नाहीं, अभिमान वाटतो.

याच एअर इंडियांत पुढें काय झालें? २००७ सालीं तिचें व इंडियन एअरलाइन्सचें एकीकरण झालें. कागदावर कंपनी एक झाली. वैमानिकांचीं मनें व याद्या दोनच राहिल्या. नवें बोइंग ७८७ विमान यावयाचें होतें. त्याचें शिक्षण कोणत्या बाजूच्या वैमानिकांस किती द्यावें, यावरून २०१२ सालीं जुन्या एअर इंडियाच्या वैमानिकांनीं ५८ दिवस संप केला. बाहेरच्या माणसाला हा हट्ट वाटला. परंतु यादींतील क्रमांक म्हणजे वैमानिकाच्या पुढच्या सर्व आयुष्याचा आराखडा, हें ध्यानांत घेतलें म्हणजे भांडणाचें मूळ कळतें. जानेवारी २०२२ मध्यें ही कंपनी पुन्हां टाटांकडे आली, आणि पुढें तींत आणखी कंपन्या मिळाल्या. तेव्हां हा याद्यांचा प्रश्न तिच्या चालकांना पुन्हां सोडवावा लागला.

दुसरें उदाहरण ‘जेट एअरवेज’चें. १९९३ सालीं मुंबईंतून सुरू झालेली ही कंपनी २०१९ च्या आरंभीं कर्जांत बुडाली. वैमानिकांचे पगार महिनोन्महिने थकले. त्यांच्या संघटनेनें १ एप्रिलपासून उड्डाण न करण्याचें ठरविलें; मग ती तारीख पुढें ढकलली; मग पुन्हां एकदां ढकलली, कीं न जाणो, बँका पैसे देतील आणि कंपनी वांचेल. ‘पाठीवर मारा, पण पोटावर मारूं नका’ असें आपण म्हणतों. येथें पोटावर बसत असतांहि माणसें उडत राहिलीं. अखेर १७ एप्रिल २०१९ रोजीं कंपनीचें शेवटचें विमान उतरलें, आणि २०२४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तिची मालमत्ता विकून टाकण्याचा हुकूम दिला. त्या वैमानिकांच्या निष्ठेचें फळ काय, असें कोणी विचारील तर माझ्यापाशीं गोड उत्तर नाहीं. निष्ठा कंपनीला तारूं शकते, पण ती पैशाच्या जागीं उभी राहूं शकत नाहीं.

श्रोतेहो, निष्ठेची एक मर्यादाहि सांगितली पाहिजे. २७ मार्च १९७७ रोजीं कॅनरी बेटांतील तेनेरीफ येथें दाट धुक्यांत दोन प्रचंड विमानें धांवपट्टीवर एकमेकांवर आदळलीं आणि ५८३ माणसें मेलीं. त्यांतील एका विमानाचा कप्तान हा डच कंपनीचा अत्यंत मान्यवर शिक्षक-वैमानिक होता. परवानगी मिळण्यापूर्वींच त्यानें विमान धांवडविलें. दुसरें विमान पट्टीवरून बाजूला झालें नसेल काय, अशी शंका त्याच्या यंत्रज्ञानें बोलूनहि दाखविली. कप्तानानें ठामपणें ती झटकली, आणि पुढें कोणी बोललें नाहीं. वडील माणसाला कसें टोकावें, हा संकोच आपल्या घरांतहि असतो. पण आकाशांत त्याची किंमत भयंकर पडते. त्यानंतर जगभर वैमानिकांना एक नवें शिक्षण देण्यांत येऊं लागलें: कनिष्ठानें शंका स्पष्ट सांगावी, आणि ज्येष्ठानें ती ऐकावी. थकलेल्या वैमानिकानें ‘आज मी उडण्याच्या स्थितींत नाहीं’ असें म्हणावें, हाहि त्याच शिक्षणाचा भाग. कंपनीची खरी परीक्षा येथें होते. असें म्हणणाऱ्याला ती आपला मानते कीं फितूर मानते, यावरून तिची संस्कृति ओळखावी. भिंतीवर लावलेल्या सुवचनांवरून नव्हे.

शेवटीं माझा स्वतःचा एक लहानसा अनुभव सांगून संपवितों. तरुणपणीं मी एका खाजगी शाळेंत होतों. एका वर्षीं चार महिने आम्हां शिक्षकांचे पगार झाले नाहींत. आम्ही विचारावयास गेलों, तर चालकांनीं ‘सेवावृत्ति ठेवा’ असा उपदेश केला. पुढें दुसऱ्या एका शाळेंत तीच वेळ आली. तेथील मुख्याध्यापकांनीं आम्हांला एका संध्याकाळीं बोलावलें, जमाखर्चाची वही टेबलावर उघडी ठेवली, आणि म्हणाले, “अनुदान आलेलें नाहीं. हें पाहा. माझाहि पगार झालेला नाहीं. कोणाच्या घरीं अडचण असेल त्यानें आधीं सांगावें.” पहिल्या शाळेंतून मी त्याच वर्षीं बाहेर पडलों. दुसऱ्या शाळेंत निवृत्त होईपर्यंत राहिलों. पगार दोन्हीकडे सारखाच होता, आणि थकलाहि सारखाच.

शाळा लहान, विमानकंपनी मोठी. पण माणसाचें मन दोन्हीकडे एकाच मापाचें असतें. ज्यांनीं सुखाच्या दिवसांत वांटा दिला, दुःखाच्या दिवसांत वही उघडी केली, आणि ‘नाहीं’ म्हणणाऱ्याचें ऐकून घेतलें, त्यांच्यासाठीं माणसें पगार कापून विमानहि विकत घेतात. ज्यांनीं तें केलें नाहीं, त्यांच्यापाशीं शेवटीं नुसतें कुंपण उरतें. यापुढें रात्रीं तो लुकलुकता दिवा डोक्यावरून जाईल तेव्हां त्यांतील उतारूंसाठीं आपण मनांतून एवढेंच इच्छूं या, कीं विमान हांकणाऱ्या त्या दोघांना आपल्या मालकाचा शब्द खरा वाटत असावा.